प्रतिनिधी शुल्काची वसुली

परिषद कुठल्याही धंद्याची असो, महाराष्ट्रात ती फिरून फिरून शिर्डीला येते. डॉक्टरांची येते, वकिलांची येते, औषधविक्रेत्यांची येते, आणि ज्यांचा धंदा नेमका कोणता हे अजून ठरायचंय त्या राजकीय पक्षांचीही येते. 2022 च्या जूनमध्ये काँग्रेसचं शिबिर शिर्डीला झालं, नोव्हेंबरमध्ये राष्ट्रवादीचं. 2025 च्या जानेवारीत भाजपचं अधिवेशन झालं आणि आठवडा उलटतो न उलटतो तोच अजित पवारांच्या राष्ट्रवादीचं शिबिर. मधल्या दिवसांत मांडववाल्याने खांब उपटले की नुसते झेंडे बदलले, याचा खुलासा दोन्ही पक्षांनी अद्याप केलेला नाही.

कारण उघड आहे. परिषद महाबळेश्वरला आहे म्हटलं तर घरात चार प्रश्न येतात. शिर्डीला आहे म्हटलं की बायको स्वतःची बॅग भरायला घेते, आई नारळाचे पैसे काढून देते, आणि शेजारच्या काकू ‘आमच्याही नावाने एक हार घाला’ म्हणून पन्नासाची नोट हातावर ठेवतात. 2017 पासून काकडीच्या माळावर विमान उतरतं, 2023 पासून मुंबईहून वंदे भारत येते. आयोजकांनी फक्त तारीख छापायची. हजेरीची चिंता बाबा वाहतात.

मी पतसंस्थेत सचिव. नगर जिल्ह्यात (कागदावर आता अहिल्यानगर, कंडक्टरच्या तोंडी अजून नगर) दोन माणसं भेटली तर चहा होतो आणि दहा भेटली तर पतसंस्था. त्यामुळे पतसंस्थांच्या परिषदेला इथे तोटा नाही. त्यात 2013 साली सहकार कायद्यात दुरुस्ती होऊन 24-अ हे कलम आलं आणि सभासद, संचालक, कर्मचारी या सगळ्यांना सहकाराचं शिक्षण-प्रशिक्षण देण्याची जबाबदारी संस्थेवर आली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे वर्ग, फळा, खडू असं काहीतरी असावं. आमच्या संचालक मंडळाच्या डोळ्यांपुढे शिर्डी आली.

निघताना चेअरमननी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, “सचिवसाहेब, माणशी एवढं प्रतिनिधी शुल्क भरलंय. जीएसटी वेगळा. वसूल करून या.”

वसुली हा आमचा प्राणविषय असल्याने मी या कामाकडे त्याच नजरेने पाहतो. अनुभव असा की ऐंशी टक्के प्रतिनिधी नोंदणीच्या टेबलावरच वसुली पूर्ण झाली असं धरून चालतात. तिथे बॅग मिळते. बॅग हातात आली की माणूस प्रथम चेन ओढून पाहतो, मग आत पाहतो, मग शेजारच्याच्या बॅगेत पाहतो. आत एक पेन, एक लेटरपॅड, डिसेंबरात भरलेल्या परिषदेत चालू वर्षाची डायरी, आणि स्मरणिका. स्मरणिकेत पानोपानी कुठल्या ना कुठल्या संस्थेचे अध्यक्ष, उपाध्यक्ष व सर्व संचालक मंडळ यांच्या हार्दिक शुभेच्छा असतात. दोन शुभेच्छांच्या मध्ये जागा उरली तर लेख. टेबलापाशी एक जण हमखास दुसरी बॅग मागत असतो. त्याचे व्हाइस चेअरमन मागून येतायत. हे व्हाइस चेअरमन परिषद संपेपर्यंत मागूनच येत राहतात.

बॅगेची निंदा मात्र मी करणार नाही. आमची बॅग पुढे पिग्मी एजंटाच्या खांद्यावर जाते. बाजारपेठेत दुकानदार तिच्यावरचं ‘राज्यस्तरीय’ वाचतात आणि दहा रुपये जास्त भरतात. इतकी थेट ठेववाढ मी दुसऱ्या कुठल्या सत्रातून झालेली पाहिलेली नाही.

दुसरी वसुली स्टॉलवर. संगणक प्रणालीवाले, तिजोरीवाले, नोटा मोजायच्या मशीनवाले ओळीने बसलेले असतात. त्यांच्याकडे पेन, किचेन, चॉकलेट फुकट मिळतं, पण मोबाइल नंबर लिहून द्यावा लागतो. मी चेअरमनचा देतो.

आता उद्‌घाटन. पत्रिकेवर वेळ दहाची असते आणि ती मंत्र्यांसकट सगळ्यांना माहीत असते, म्हणून दहाला कुणी येत नाही. निवेदक सांगत राहतो, साहेब लोणीत आलेत, साहेब राहात्यात आलेत, साहेबांच्या गाड्यांचा ताफा आता कुठल्याही क्षणी. नगर-मनमाड रस्ता ज्याने पाहिलाय त्याला ‘कुठल्याही क्षणी’ या शब्दांचा अर्थ निवेदकापेक्षा जास्त कळतो. बाराच्या सुमारास साहेब येतात. एका मेणबत्तीला सात मान्यवर हात लावतात आणि पंखा कुणीही बंद करत नाही. मग सत्कार. आधी आलेल्यांचा सत्कार होतो, मग ज्यांनी सत्कार केला त्यांचा, मग राहिलेले कुणी रुसू नयेत म्हणून राहिलेल्यांचा. ‘उपस्थितांच्या वेळेचं भान ठेवून मी दोनच मिनिटं घेणार आहे’ असं म्हणून जो उभा राहतो त्याच्या भाषणात आपण डुलकी काढून, उठून, चहा पिऊन परत येऊ शकतो. विषय अजून प्रास्ताविकातच असतो.

साहेब उठले की पहिल्या दोन रांगा उठतात. त्यांच्यामागे फोटोग्राफर, त्यांच्यामागे ज्यांना साहेबांना निवेदन द्यायचंय ते, आणि त्यांच्यामागे ज्यांना निवेदन देणाऱ्यांना पाहायचंय ते. उरलेल्यांसाठी ‘ठेवींची सुरक्षितता’ हे सत्र असतं. पत्रिकेत दीड तास, प्रत्यक्षात पंधरा मिनिटं, तीही जेवणाचा वास सुटल्यावर. विषय खरं तर हसण्यावारी नेण्याजोगा नाही. बँकेतल्या ठेवीला 2020 पासून पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. बुडालेल्या संस्थेच्या पायरीवर निवृत्तीचे पैसे अडकलेली एखादी बाई पावती हातात घेऊन बसलेली ज्याने पाहिली आहे, तो या सत्राला उठून जात नाही. वक्ता बिचारा तळमळीने बोलतो, घड्याळ पाहतो, ‘वेळेअभावी’ म्हणतो, आणि आभार मानले जाईपर्यंत त्याची गाडी सावळीविहीर ओलांडते.

हे पाहिलं की मला आमच्या जिल्ह्याच्या पूर्वजांची आठवण होते. त्यांनी वक्त्याला जाऊ दिलं नव्हतं.

डिसेंबर 1945 ची गोष्ट. बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपुरात, दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. भंडारदऱ्याचं धरण 1926 सालीच पुरं झालेलं होतं, प्रवरेच्या कालव्याखाली ऊस उभा होता. पण साखर काढायची ती खाजगी कंपन्यांनी, आणि शेतकऱ्याने गूळ करून आडत्याच्या तोंडाकडे बघायचं. परिषदेचे अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, हा विचार तिथे मांडला गेला.

अशा प्रसंगी आपण काय करतो? टाळ्या वाजवतो. आभारात ‘सरांनी मौलिक मार्गदर्शन केलं’ असं म्हणतो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह देतो आणि सरांच्या ड्रायव्हरने जेवून घेतलं का हे पाहायला माणूस धाडतो. लोणीच्या विठ्ठलराव विखे यांनी यापेक्षा भलतंच केलं. ते मनावर घेतलं. 1923 पासून गावात पतपेढी चालवलेला हा माणूस, त्याला शेतकऱ्याच्या खिशातून पैसा कसा निघतो आणि कसा निघत नाही हे पुरतं ठाऊक. गावोगाव हिंडून भागभांडवल जमवलं, आणि ज्यांनी सल्ला दिला होता त्या गाडगीळांनाच कारखान्याचं अध्यक्ष केलं. 1950 संपता संपता गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून त्याचं नाव अजून घेतात. गाडगीळ सुमारे दहा वर्षं त्याचे अध्यक्ष राहिले. पुण्याचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक परिषदेला आला आणि ऊसतोडीच्या, बैलगाड्यांच्या, बॉयलरच्या हिशेबात एक तप घालवायच्या बेताला आला. इतकी पूर्ण वसुली मी सहकाराच्या इतिहासात दुसरी पाहिलेली नाही. मुद्दल, व्याज आणि जामीनदार, तिन्ही.

तेव्हापासून नगर जिल्ह्यात येणारे वक्ते गाडी चालूच ठेवायला सांगतात, असा मला दाट संशय आहे. 2021 साली दिल्लीत वेगळं सहकार मंत्रालय झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात मंत्री अमित शहा प्रवरानगरला, म्हणजे त्याच कारखान्याच्या गावी, सहकार परिषदेसाठी आले. जिल्हा तोच, महिना तोच. पण त्यांना कुणी कारखान्याचं अध्यक्ष केल्याचं ऐकिवात नाही.

असो. जेवण होतं. पुरी, मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. जेवणाबद्दल मी विस्ताराने लिहीत नाही, कारण परिषदेचं मूल्यमापन करणारे सगळे जण तेवढंच विस्ताराने करतात. दोननंतर मंडपात ‘सायबर सुरक्षा’ या विषयावरचा तज्ज्ञ माइकवाल्याला, जनरेटरवाल्याला आणि कूलरसमोर पाय पसरून झोपलेल्या पाच-सहा प्रतिनिधींना पासवर्ड कुणाला सांगू नये हे पटवत असतो. बाकीची परिषद गाड्या करून शनिशिंगणापूरला गेलेली असते.

या सहलीला माझा विरोध नाही. अभ्यासाच्या दृष्टीने तीही महत्त्वाची आहे. गावातल्या घरांना दारं नाहीत, आणि 2011 साली युको बँकेने तिथे शाखा उघडली तीही कुलपाविना. रोज संध्याकाळी तिजोरीच्या दोन किल्ल्या दोन माणसांच्या खिशात जाताना पाहणारे आमचे संचालक त्या शाखेसमोर उभे राहून फोटो काढतात. एकाच्या चेहऱ्यावर असं खोल समाधान दिसलं की मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, “कुलूप नाही तरी लोक ठेवी ठेवतात. आमच्याकडे कुलूप आहे तर विचारतात, उघडणार कधी?”

दुपारच्या जेवणानंतर प्रतिनिधी निसटतात, हा रोग जगभरच्या परिषदांना आहे. त्यावर अक्सीर इलाज फक्त एकाच आयोजकाला साधला, आणि तोही नगरलाच. इंग्रज सरकारला. ऑगस्ट 1942 मध्ये त्यांनी काँग्रेस कार्यकारिणीचे बारा सभासद आणून भुईकोट किल्ल्यात ठेवले. निवास व भोजनासह, प्रतिनिधी शुल्क नाही, सत्कार नाही, मंत्री यायचा नाही, आणि शिंगणापूरला जायची सोय नाही. हे निवासी अधिवेशन 1945 च्या मार्चपर्यंत चाललं. बारा जणांत कुणी इतिहासाचा जाणकार, कुणी बौद्ध दर्शनाचा, कुणी अरबी-फारसीचा, कुणी कायद्याचा. एरवी हे लोक एकमेकांना भेटत ते ठराव करायला. इथे ठरावाचा कागद पाठवायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे निरुपायाने ते बोलू लागले. नेहरूंनी 1944 साली अवघ्या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं आणि सोबत्यांपैकी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली यांच्याशी झालेल्या चर्चांचं ऋण प्रस्तावनेत नोंदवलं. मौलाना आझाद भल्या पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करत आणि एका मित्राला पत्रं लिहीत. ती पोस्टात पडणार नव्हती, हे त्यांना माहीत होतं. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून छापली गेली आणि उर्दू वाचणारे आजही वाचतात. आमच्या परिषदेचे ठराव रजिस्टर पोस्टाने जातात, पोचपावतीसह, आणि पोचपावती फाइलला लागली की ठराव करणारेसुद्धा ते पुन्हा वाचत नाहीत.

आयोजकांनी प्रतिनिधींना कोंडावं असं मी म्हणत नाही. त्याची गरजही नाही. शिर्डीत ती व्यवस्था देवस्थानाने आधीच करून ठेवली आहे. तिला दर्शनरांग म्हणतात.

2023 च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांच्या हस्ते नवं दर्शनरांग संकुल खुलं झालं. दहा हजारांहून जास्त माणसं बसतील असे गार हवेचे मोठमोठे कक्ष. मोबाइल बाहेर जमा करायचा. पुढे जाता येत नाही, मागे फिरायची लाज वाटते, बघायला हातात काही नाही. माणूस अशा अवस्थेत शेजारच्याशी खरं बोलतो. जे प्रतिनिधी ओळख लावून किंवा पास काढून अर्ध्या तासात दर्शन उरकतात, त्यांना बाबा भेटतात, पण परिषद हुकते.

मी साधी रांग धरतो. गर्दीचा दिवस असेल तर उत्तम. माझ्या पुढे पारनेर तालुक्यातल्या एका लहानशा संस्थेचा वसुली अधिकारी होता. गळ्यात आमच्यासारखंच ‘प्रतिनिधी’ लिहिलेलं ओळखपत्र, बॅग एकच. दिवसभर मंडपात तो शेवटच्या खुर्चीवर होता आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. मी त्याला सहकार कायद्याच्या कलम 101 खालच्या वसुली दाखल्यांबद्दल विचारलं.

“दाखला म्हंजी पैसं न्हाईत, साहेब,” तो म्हणाला. “दाखला म्हंजी भांडायचा परवाना. तुम्ही वसुलीला कधी निघता?”

“मार्चमध्ये. मार्चअखेर असते ना.”

“ती तुमची. शेतकऱ्याची मार्चअखेर मार्चात नसती.”

मग त्याने कक्षात सरकत सरकत जे सांगितलं ते कुठल्याही सत्रात मी ऐकलेलं नाही. उसाचं बिल खात्यावर पडतं तो एक मार्च. कांद्याची पट्टी हातात येते तो दुसरा, आणि तो घोडेगावच्या बाजारात चार दिवस आधी कळतो. दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, म्हणजे दूधवाल्याकडे महिन्याला तीन मार्च. “मग गायीसाठी कर्ज देता अन्‌ हप्ता महिन्याचा कशाला लावता? तीन पगार त्याच्या हातातनं जाऊ देता, अन्‌ मग वसुलीला जीप पाठवता. हप्ता दहा दिवसाचा ठेवा. डेअरीशी लिहून घ्या, तिथनंच वळता करा. जीपचं डिझेल वाचंल.” त्याच्या संस्थेची थकबाकी किती हे मी विचारलं. त्याने आकडा सांगितला. मी तो दोनदा विचारून घेतला.

मागे अकोल्याकडच्या एका महिला पतसंस्थेच्या व्यवस्थापक बाई उभ्या होत्या. त्यांनी इतका वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “भाऊ, एवढी तारखांची भानगड आम्ही करतच नाही. नवऱ्याला कर्ज देतो, जामीन बायकोचा घेतो, आणि हप्ता थकला की सासूला हळदीकुंकवाला बोलावतो.”

“सासू भरते?”

“सासूला काही सांगतच नाही. नुसतं वाण देतो आणि विचारतो, घरी सगळं बरं आहे ना. ती घरी जाऊन काय विचारायचं ते विचारते.”

यावर वसुली अधिकाऱ्याने हात जोडले. समाधीपर्यंत पोचायला अजून वेळ होता.

त्या रांगेत आणखी बरंच झालं. सोनेतारणात खोटं सोनं कसं ओळखायचं यावर एका बीडच्या गृहस्थांनी प्रात्यक्षिकासह बोलायची तयारी दाखवली, पण पुढच्या बाईंनी गळ्यावर पदर घेतला. एका नाशिककरांनी नव्या संगणक प्रणालीबद्दल असं काही सांगितलं की सकाळी स्टॉलवर चेअरमनचा नंबर दिल्याबद्दल मला स्वतःचा अभिमान वाटला. कागद जवळ नव्हता, पेन फुकटचं होतं आणि उमटत नव्हतं. बाहेर आल्यावर फुलवाल्याकडून पेन मागून घेऊन मी मुद्दे लाडवांच्या पाकिटावर उतरवले. मंडपात तेव्हा समारोप चालला होता आणि ही परिषद ऐतिहासिक ठरल्याचं लाउडस्पीकरवरून मंदिरापर्यंत ऐकू येत होतं.

पुढच्या मासिक सभेत विषय क्रमांक सातवर परिषदेचा अहवाल आला. चेअरमननी आधी लाडू वाटायला लावले. मग विचारलं, “काय सचिवसाहेब, वसूल झालं का?” अलीकडे कुठल्या कुठल्या कंपन्यांचे फोन त्यांना फार येतात, अशी तक्रारही त्यांनी त्याच वाक्यात केली.

मी दहा दिवसांच्या हप्त्याची कल्पना मांडली. सभागृहात दोन मिनिटं शांतता होती, म्हणजे विचार चालू होता. मग एका संचालकांनी डेअरी त्यांच्या चुलत भावाची असल्याचं निदर्शनास आणलं. दुसऱ्यांनी आपल्याला नेमकी त्याच गोष्टीची काळजी वाटत असल्याचं निदर्शनास आणलं. तिसऱ्यांनी लाडू आणखी आहे का ते विचारलं. बऱ्याच चर्चेनंतर सूचना अभ्यासासाठी तीन संचालकांच्या उपसमितीकडे द्यावी, उपसमितीने ज्या भागात असा प्रयोग झाला आहे तिथे अभ्यास दौरा करून अहवाल द्यावा, असं ठरलं. प्रयोग पारनेर तालुक्यात झाला आहे, इथून दीड तासावर आहे, असं मी सांगितलं. यावर उपसमितीचे निमंत्रक म्हणाले की पारनेरला राहण्या-जेवण्याची सोय कितपत आहे याची कल्पना नाही, शिवाय कोकणातल्या पतसंस्थाही अभ्यासनीय असल्याचं ते ऐकून आहेत.

दौरा गणपतीपुळ्याला ठरला. कुटुंबीयांचा खर्च ज्याचा त्याने सोसावा अशी उपसूचना आली, ती एकमताने फेटाळण्यात आली.